चौथी पिढी कुठे जाते?

भाद्रपदाच्या वद्य पंधरवड्यात ठाणे स्टेशनवर पूर्वेच्या बाजूला उतरलं, की कोपरीच्या बाजारातल्या टोपल्या वेगळ्या दिसू लागतात. गवार, लाल भोपळा, कारली, अळूची पानं, चवळीच्या शेंगा आणि या सगळ्याच्या वर केळीच्या पानांची भेंडोळी. गणपती नुकतेच खाडीत गेलेले असतात आणि देवी यायला अजून अवकाश असतो. या मधल्या दिवसांत लग्नाची बोलणी थांबतात, घराचं टोकन द्यायचं ते पुढे ढकललं जातं, सोनाराकडे गर्दी नसते. दुकानदारांच्या लेखी हा मंदीचा काळ. पण भाजीवालीला विचारलं तर ती सर्वपित्री अमावास्येला माल दुप्पट आणते. मेलेल्या माणसांना जेवायला घालायचं म्हणजे जिवंत माणसाला पहाटे उठून बाजारात जावं लागतं.

याच सुमाराला, रुळांच्या पलीकडे, टेंभी नाक्यापासून जवळच असलेल्या शार हाशामाईम या सिनेगॉगमधली मंडळीही आपल्या मृतांकडे जाण्याच्या तयारीत असतात. हे प्रार्थनास्थळ 1879 सालचं. 'स्वर्गाचं दार' असा त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ. ज्यू वर्षाचा शेवटचा महिना एलूल. नवं वर्ष सुरू होण्याआधी या महिन्यात आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या कबरींवर जाऊन यावं, ही जगभरच्या ज्यूंमधली जुनी रीत आहे. एलूल आणि भाद्रपद बहुतेक वर्षी एकत्रच चालतात. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून दोन्हींत अधूनमधून अधिक महिना धरतात. 2025 साली 21 सप्टेंबरला सर्वपित्री झाली आणि 22 च्या संध्याकाळी ज्यूंचं नवं वर्ष लागलं. ज्यूंचा सर्वांत कडक उपास, योम किप्पूर, नव्या वर्षाच्या दहाव्या दिवशी येतो आणि आश्विनातली दशमी म्हणजे आपला दसरा. म्हणून 2024 साली दोन्ही 12 ऑक्टोबरला आले आणि 2025 साली दोन्ही 2 ऑक्टोबरला. अधिक महिन्याचं गणित जुळलं नाही त्या वर्षी, 2023 सालासारखं, महिनाभराचं अंतर पडतं. एरवी ठाण्यातल्या या दोन समाजांचे पूर्वज एकाच चंद्राच्या उतरणीला आठवले जातात, आणि गंमत म्हणजे दोघांनाही एकमेकांच्या या वेळापत्रकाची फारशी कल्पना नसते.

पूर्वजांशी नातं ठेवावं, याबद्दल कुठल्याच धर्मात वाद नाही. वाद आहे तो तपशिलाचा आणि तोच जास्त बोलका आहे. हे नातं ठेवायचं कुठे? दगडापाशी, की पानापाशी, की वहीत? आणि ठेवायचं किती पिढ्यांपर्यंत?

कोपरीत दगड नाही. या भागात कोळी आणि आगरी ही मूळची वस्ती, फाळणीनंतर आलेले सिंधी आणि मग इमारती उठल्या तसे सगळीकडून आलेले नोकरदार. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, त्या रुळांनी चेंदणीच्या कोळीवाड्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, ते अजून तसेच आहेत. कोपरीतल्या या वस्तीतल्या बहुतेकांची माणसं अग्नीत गेली, अस्थी खाडीत किंवा नाशिकच्या रामकुंडात. जाऊन उभं राहायला, पालापाचोळा काढायला, नाव वाचायला जागाच उरत नाही. मग आठवण कुठे टेकवायची, या प्रश्नाला धर्मशास्त्राने जे उत्तर काढलं ते विलक्षण नेमकं आहे: जागा नसेल तर पिढ्या मोजायच्या.

श्राद्धात पिंड तीनच. वडील, आजोबा, पणजोबा. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. पणजोबांच्या वर कोणाला पिंड नाही. माणूस गेला की बाराव्या दिवशी, किंवा जुन्या रीतीने वर्ष पुरं झाल्यावर, सपिंडीकरण होतं. त्यात गेलेल्या माणसाच्या नावाचा पिंड दर्भाने तीन भागांत कापून त्याच्या बापाच्या, आजाच्या आणि पणजाच्या पिंडात मिसळतात. त्या क्षणी तो प्रेताचा पितर होतो. पण जागा तर तीनच. म्हणजे नवा आत आला की सर्वांत जुन्याने उठायचं. काल ज्याला पिंड मिळत होता तो पणजा आज चौथा ठरतो आणि यादीतून बाहेर पडतो.

त्याला अगदीच उपाशी ठेवलेलं नाही. पिंड वळताना हाताला भाताची शितं आणि चिकटा लागतो. तो हात पिंडांखालच्या दर्भांच्या मुळांशी पुसायचा असतो आणि त्या पुसलेल्या लेपावर चौथ्या, पाचव्या, सहाव्या पिढीचा हक्क सांगितलेला आहे. त्यांना नावच आहे लेपभाज. श्राद्ध करणारा धरून सात पिढ्या झाल्या, तिथे सापिंड्य संपतं. त्याच्या पुढचे सगळे एकत्र, बिननावाचे. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली आहेच. विसर पडणार हे इतकं आधी ओळखून त्याची सोय लावणारी व्यवस्था दुसरी शोधावी लागेल.

तीनच का? शास्त्र त्याला वसु-रुद्र-आदित्यांची भाषा देतं. पण साध्या हिशेबानेही ते पटण्यासारखं आहे. पणजोबा हा असा माणूस असतो, की त्याला आपण नाही तरी आपल्या बापाने पाहिलेलं असतं; त्याची एखादी लकब, एखादी शिवी, तपकिरीची डबी घरात बोलण्यात येते. त्याच्या वरचा माणूस नुसतं नाव असतो. जिवंत आठवण जिथे संपते, तिथे पिंड थांबतो.

राजांची गोष्ट निराळी. 1787 साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके 939 म्हणजे इसवी सन 1017 चा. दान दिलेलं असतं जमिनीचं, पण आधी राजाच्या पूर्वजांची मालिका येते आणि ती थेट जीमूतवाहन या विद्याधरापर्यंत जाऊन पोहोचते. दानपत्र लिहून देणाऱ्याकडे तांबं आणि कारकून असले, की पूर्वजांना मर्यादा राहत नाही. कोळीवाड्यातल्या माणसाकडे दोन्ही नव्हतं.

त्याच्याकडे होतं ते पान. बहुजन घरांत पुरोहिताची यादी क्वचितच असते. 'म्हाळ घालायचा' म्हणजे गेलेल्याच्या तिथीला स्वयंपाक करायचा, एक पान वाढून कौलावर किंवा गच्चीवर ठेवायचं, घरच्यांनी आणि बोलावलेल्यांनी जेवायचं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भाज्यांची मिसळ. कुठे गेलेल्याला आवडायचा तो पदार्थ मुद्दाम, मग तो शाकाहारी असेलच असं नाही. चालीरीत घराघरात वेगळी. इमारतीच्या गच्चीवर पान घेऊन गेलेला माणूस कठड्यावर ते ठेवतो, पाणी फिरवतो आणि दोन पावलं मागे सरतो, कारण जवळ उभं राहिलं तर कावळा येत नाही. शेजारच्या टाकीवर बसलेले कावळे घाई करत नाहीत. सकाळपासून पाच गच्च्यांवर त्यांचं खाणं झालेलं असतं. दहाव्याच्या पिंडाचं मात्र इतकं सोपं नसतं. तिथे कावळा शिवेना की जमलेल्यांत कुजबुज सुरू होते: इच्छा राहिली असणार. मग थोरला मुलगा पुढे होऊन मोठ्याने सांगतो, धाकट्याच्या शिक्षणाचं मी बघेन. बहिणीला अंतर देणार नाही. तरी नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. कावळ्याच्या मनात काय असतं कोण जाणे. पण चार लोकांसमोर दिलेला शब्द पुढे मोडणं त्या मुलाला जड जातं.

काही घरांत पूर्वज देवघरातच राहतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून काढलेली आकृती, तिला टाक म्हणतात. कुलदैवतांच्या टाकांच्या ओळीत घराण्यातल्या वीराचा टाक असतो. नाशिकला धूलिवंदनाच्या दिवशी हे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत गोदावरीवर नेतात, आंघोळ घालतात, नाचवतात आणि परत आणतात. हा वीर कधी, कुठे पडला ते घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच, की आपला आहे आणि वर्षातून एकदा त्याला पाण्यावर न्यायचं असतं.

सिंध्यांपुढचा पेच आणखी वेगळा. 1947 नंतर कराची, हैदराबाद, शिकारपूर सोडून आलेल्यांना सरकारने जिथे लष्करी छावण्या रिकाम्या होत्या तिथे ठेवलं. कल्याणच्या छावणीचं 1949 साली उल्हासनगर झालं. ठाण्यात कोपरी कॉलनी वसली. घर, दुकान, गाव आणि गावाचा घाट, सगळं सीमेपलीकडे राहिलं. पूर्वज जर जमिनीत असते तर ते कायमचे तुटले असते. पण फाळणीपूर्वी सिंध-पंजाबातले हिंदू अस्थी घेऊन हरिद्वारला जायचे आणि तिथल्या पंड्यांच्या वह्यांत घराण्याची नावं लिहून यायचे. हरिद्वार भारतात राहिलं. त्यामुळे ज्या गावाचा आज व्हिसा मिळणं कठीण, त्या गावातल्या आजोबाच्या आजोबाचं नाव हरिद्वारच्या लांबट वहीत, कधी त्याच्या स्वतःच्या सहीनिशी, बघायला मिळू शकतं.

मराठी कुटुंबांना हे नवीन नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या क्षेत्रोपाध्यायांकडे गावानिहाय, आडनावानिहाय चोपड्या आहेत. रामकुंडावर नुसतं गाव आणि आडनाव सांगितलं, की कोणाकडे जायचं ते कळतं. उपाध्याय चोपडी उलगडतो: आधी मोडी, मग बाळबोध, शाईचा रंग बदलत जातो, कोण कोणाबरोबर कधी आलं, कोणाचं काय करायला आलं. घराच्या वाटणीच्या दाव्यांत या नोंदी पुरावा म्हणून पुढे आलेल्या आहेत. अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने हरिद्वार आणि इतर तीर्थक्षेत्रांतल्या वह्यांचं सूक्ष्मचित्रण करून ठेवलं, तेही याच मोलामुळे. ही संस्था मॉर्मन पंथाची. त्यांच्या श्रद्धेत मृत पूर्वजांसाठी जिवंत वंशज विधी करू शकतो, म्हणून त्यांना नावं लागतात. गंगेकाठच्या पंड्याचं आणि सॉल्ट लेक सिटीतल्या पंथाचं कामकाज इथे येऊन जुळतं, हे दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं वाटत असेल.

आता पश्चिमेच्या बाजूला, जिथे दगड आहे.

बेने इस्राएल हे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची मूळकथा बुडालेल्या गलबतापासून सुरू होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली ती गावकऱ्यांच्या मदतीने पुरली. नवगावच्या दफनभूमीत पुरुषांचा आणि बायकांचा असे दोन उंचवटे दाखवतात. आज तिथे स्मारकही उभं आहे. ही घटना नेमकी कोणत्या शतकातली यावर अभ्यासकांत एकमत नाही आणि त्याची तिथे येणाऱ्याला पर्वा नसते. त्या उंचवट्यांवर नाव नाही. एका समाजाचे मूळ पूर्वज म्हणून ज्यांना मानतात ते सगळे निनावी आहेत. आणि ज्या सात जोडप्यांपासून सगळे झाले, त्यांच्या कबरी कोणी दाखवत नाही.

वाचलेल्यांनी घाणे चालवले. शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. हिब्रू विसरले, धर्मग्रंथ हाताशी नव्हता, पण काही गोष्टी राहिल्या: मुलाची सुंता, शनिवार, खवल्यांचाच मासा आणि 'शेमा' ही प्रार्थना. आडनावं गावांवरून पडली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, नवगावकर, चेऊलकर, अष्टमकर अशी शंभरावर. एखाद्या रायगडी माणसाने ही यादी ऐकली तर त्याला एसटीच्या फलाटावर उभं असल्यासारखं वाटेल.

हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास 1897 साली लिहून काढला. तो छापून आला 1937 साली, तेल अवीवला, त्यांच्या पश्चात. त्यातून आणि नंतरच्या अभ्यासातून जुन्या सणांची नावं कळतात: दारफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, घराची दारं लावून दिवसभर उपास, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. गेलेल्यांचे आत्मे दारफाळणीच्या आधी घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, अशी समजूत होती. त्या दिवशी गरिबांना दान करायचं, एकमेकांकडे जायचं. हे वाचताना कोकणातल्या कोणालाही ओळखीचं वाटेल, आणि पुढे ज्यू धर्मशास्त्र शिकवायला आलेल्या शिक्षकांना ते किती खटकलं असेल तेही कळेल. ज्यू परंपरेत मेलेल्यांकडे काही मागणं निषिद्ध. अर्पण तर नाहीच. मेलेल्यासाठी म्हणायची कद्दीश ही प्रार्थना घ्या: तिच्यात मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही, फक्त देवाची थोरवी. ती दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. बाप गेलेल्या मुलाला अकरा महिने रोज दहा माणसं गोळा करावी लागतात, म्हणजे दुःख घेऊन घरात बसायची मुभा त्याला नसते.

मग कबरीवर जायचं कशाला? हा प्रश्न ज्यू विद्वानांनाही पडला होता. तालमूदमध्ये उपासाच्या दिवशी स्मशानात का जातात यावर दोन मतं नोंदलेली आहेत. एक म्हणतं, आम्हीही तुझ्यापुढे मेल्यासारखेच आहोत हे देवाला दाखवायला. दुसरं म्हणतं, मेलेल्यांनी आमच्यासाठी दया मागावी म्हणून. आणि मग लगेच विचारलेलं आहे, दोघांत फरक काय? फरक असा, की पहिलं कारण खरं असेल तर कुणाचीही दफनभूमी चालेल. दुसरं खरं असेल तर आपल्याच माणसांची हवी. पूर्वजांच्या प्रश्नाची सगळी गोम या छोट्याशा शंकेत आहे. आपण तिथे मृत्यू बघायला जातो, की आपला माणूस बघायला?

बेने इस्राएलांची कबर या शंकेला हसतखेळत उत्तर देते. दगडाच्या माथ्यावर सहा कोनांचा तारा आणि हिब्रू अक्षरं. खाली मराठीत, देवनागरीत, गेलेल्याचं नाव, बापाचं नाव, गावावरून पडलेलं आडनाव, कधी हुद्दा. आणखी खाली इंग्रजी तारीख. पुष्कळ जण लष्करात, रेल्वेत, इस्पितळांत नोकरीला होते, तेही दगडावर आलेलं असतं. हिब्रू भाग देवासाठी, असं म्हणावं तर मराठी भाग नक्कीच शेजाऱ्यांसाठी. भेटायला आलेला माणूस जाताना दगडावर एक खडा ठेवतो. फूल सुकतं, खडा राहतो. पुढच्या खेपेला आलेल्याला कळतं, आपल्या आधी कोणीतरी येऊन गेलंय.

1948 नंतर हळूहळू बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. आज तिथे मूळच्या भारतीय ज्यूंची संख्या हजारोंनी आहे आणि भारतात फार थोडे उरले. त्या उरलेल्यांतले बरेच ठाण्यात आणि आसपास राहतात. इस्राएलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलेलं आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा त्याचा एक व्यावहारिक भाग जन्म आणि विवाहाच्या नोंदींइतकाच दफनभूमींच्या निगेशीही जोडलेला होता, असं समाजातली मंडळी सांगत. कारण जिथे कुटुंब उरलं नाही तिथे कबर उरते. कोकणातल्या लहान लहान गावांत भाताच्या खाचरांच्या कडेला चार-सहा ज्यू कबरी उभ्या असतात आणि त्या कोणाच्या हे शेजारचा आगरी किंवा कुणबी म्हातारा सांगतो. अश्दोद किंवा दिमोनाहून आलेले नातू-पणतू गाडी थांबवून त्यालाच विचारतात.

कोपरीचे सिंधी पूर्वजांची जमीन सोडून ठाण्यात आले. ठाण्याचे ज्यू पूर्वजांची जमीन ठाण्या-कोकणात ठेवून गेले. एकाच स्टेशनच्या दोन बाजूंना हे घडलं. ज्यांचे मृत अग्नीत गेले होते त्यांना नेण्यासारखं काही नव्हतं आणि म्हणून फारसं मागे राहिलंही नाही. ज्यांचे मृत मातीत होते त्यांना परत यावं लागतं. कबर वंशजाला बांधून घालते, हे तिचं ओझंही आहे आणि कामही.

दगड तरी कायमचा असतो का? मुंबई-ठाण्यात नसतो. इथल्या चर्चच्या दफनभूमींत जागा इतकी थोडी, की बहुतेक कबरी काही वर्षांसाठीच मिळतात. मुदत संपली की खोदून अस्थी काढतात, भिंतीतल्या एका कप्प्यात ठेवतात, त्यावर नावाची पाटी लावतात, आणि ती माती पुढच्या माणसाला. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी, मेणबत्त्या आणि झेंडू घेऊन आलेली कुटुंबं काही कबरीपाशी थांबतात, काही भिंतीपाशी. कब्रस्तानांतही नवी कबर जुन्या जागीच होते. शब-ए-बरातच्या रात्री फातिहा पढायला आलेला मुलगा अंदाजाने उभा राहतो. इस्लाममध्ये तर पैगंबरांनी कबरींना भेट द्यायला सुरुवातीला मनाई केली होती आणि मग परवानगी दिली, कारण त्याने परलोकाची आठवण होते, असं हदीस सांगते. पारशी ऑगस्टमध्ये मुक्तादच्या दिवसांत गेलेल्यांसाठी फुलदाण्या मांडतात. त्यांच्यात तर देहाचा मागमूस न ठेवणं हाच धर्म. म्हणजे चौथ्या पिढीला उठवण्याचा नियम श्राद्धाने केला आणि चर्चच्या समितीवर तो जागेच्या टंचाईने लादला. दोन्हीकडे निकाल सारखाच.

हे सगळं मुळातच फोल आहे, असं म्हणणारेही आपल्याकडे जुने आहेत. चार्वाकांचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे: इथे वाढलेलं अन्न मेलेल्याला पोहोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरी पान वाढलं की झालं. त्याला आजतागायत कोणी धड उत्तर दिलेलं नाही. एकनाथांची कथा त्या उत्तराच्या जवळ जाते. पित्याच्या श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, वासाने रस्त्यावरची उपाशी अस्पृश्य माणसं थबकली. नाथांनी त्यांनाच जेवू घातलं. पैठणचे ब्राह्मण रुसले तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले, असं कथा सांगते. पितरांना अन्न पोहोचतं की नाही हा प्रश्न तिथे बाजूला पडतो आणि पानावर कोणाला बसवायचं हा पुढे येतो.

डॉ. आंबेडकरांनी तो आणखी कठोरपणे निकालात काढला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या विधीने जन्माची उतरंड पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेली, तो नाकारणं त्यात अटळ होतं. पण ती प्रतिज्ञा घेणाऱ्या समाजानेच 1 जानेवारीला कोरेगावच्या स्तंभापाशी जायचं ठरवलं. 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्या दगडावर कोरलेली आहेत आणि त्यांतली महार सैनिकांची नावं वाचणाऱ्या बहुतेकांचा त्या सैनिकांशी रक्ताचा पुरावा काही नसतो. दर 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत उभा राहणारा माणूस बाबासाहेबांना बाप म्हणतो, तेही कुठल्या सपिंडीकरणाने नव्हे. पूर्वज वारशाने मिळतात तसे निवडूनही घेता येतात, आणि निवडलेल्या पूर्वजांना तीन पिढ्यांची मर्यादा लागू होत नाही असं दिसतं.

पारंपरिक यादीलाही ही कल्पना अगदीच परकी नाही. महालयात तीन पिढ्यांच्या पुढे सरकलं की आई, आजी, पणजी, आईचे वडील, काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, मुलगी, सासरा, गुरू, शिष्य, मित्र अशी लांबलचक रांग लागते. तर्पणात तर या जन्मीचे नातलग, नातलग नसलेले आणि मागल्या कुठल्या जन्मीचे नातलग, अशा सगळ्यांना एकदम पाणी सोडायची सोय आहे. अडचण येते ती नावांची, त्यातही बायकांच्या नावांची. ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेने पुण्यात स्त्री पुरोहित तयार केल्या, पोथीचा अर्थ मराठीत सांगायची पद्धत पाडली. मुलींनी आईबापांचं करणं आता शहरांत नवलाचं राहिलेलं नाही. तरी संकल्पासाठी गुरुजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी मागवली, की कोपरीतल्या फ्लॅटमध्ये तीच पंचाईत. बापाकडचे तीन पुरुष पटकन लिहून होतात. आजीच्या जागी 'आजी' एवढंच आठवतं, पणजीच्या जागी रेघ. मग डोंबिवलीच्या सर्वांत थोरल्या आत्याला फोन जातो. ती आधी ओरडते, इतक्या वर्षांनी आठवण झाली का म्हणून. मग सांगते, सासरचं नाव लक्ष्मी ठेवलं होतं, पण माहेरचं वेगळं होतं, सगळे तिला बाय म्हणायचे. थांब, कल्याणच्या वहिनीला विचारून कळवते, आणि भोपळ्याची भाजी करताय ना, तिला गवार चालायची नाही.